सगळ्यात स्वच्छ हात

डॉ. सक्सेना दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभे होते. शाळेत नखं तपासायला मुलं उभी राहतात, तसे. फरक इतकाच, की या हातांनी त्याच दिवशी सकाळी एका बाळाच्या हृदयातलं छिद्र बुजवलं होतं आणि हे हात आमच्या इस्पितळाच्या मुख्य सर्जनचे होते.

“लीजिए सिस्टर, छापा मारिए,” ते म्हणाले.

मी त्यांची दहाही बोटं एका पसरट डबीत टेकवली. या डबीत खरवसासारखा एक थर असतो. तो जंतूंचा खाऊ. बोटांवर कुणी पाहुणा असेल, तर दोन दिवसांत त्या थरावर ठिपका उमटतो. ठिपका कुणाचा, ते लॅब सांगते. मोठ्या सर्जनची बोटं अशी तपासायला जरा धीर लागतो. माझ्याकडे तो पगाराबरोबरच दिलेला आहे.

मी भोपाळमध्ये लहान मुलांच्या हृदयाच्या इस्पितळात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. म्हणजे मी इंजेक्शन देत नाही, सलाइन लावत नाही. मुलं घरून आणत नाहीत आणि आमच्याकडूनच घेऊन जातात असे आजार शोधायचे आणि थांबवायचे, हे माझं काम. प्रत्यक्षात मी दिवसभर कोण हात धुतो आणि कोण धुतल्यासारखं करतो, ते बघत फिरते. मी आयसीयूच्या दारात दिसले, की सॅनिटायझरच्या बाटल्या एकदम फचफचायला लागतात. आमच्या नेहरू नगरच्या घरी नवरा म्हणतो, “तुझी इस्पितळात आहे तेवढी दहशत पोलिसांचीही नसेल.” सासरची माणसं फार पूर्वी नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आली. टोमणे मात्र अजून अस्सल नागपुरीच.

त्या दिवशीच्या छापासत्राचं कारण होता चिकू. वय सात महिने, वजन जेमतेम पाच किलो. खरं नाव तेजस, पण त्या नावाने त्याला फक्त केसपेपर हाक मारायचा. त्याच्या हृदयातल्या छिद्राला सक्सेनासरांनी ठिगळ लावलं होतं. आम्ही त्याला पॅच म्हणतो. ऑपरेशन उत्तम झालं. पाचव्या दिवशी ताप आला. रक्त कल्चरला पाठवलं, म्हणजे त्यात जंतू वाढतो का ते बघितलं. वाढला.

तीन आठवड्यांत असं झालेलं हे तिसरं मूल होतं. आणि तिघांच्या रक्तात एकच जंतू. त्याचं लॅटिन नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं सेपेशिया म्हणतो. हा पहिल्यांदा सापडला तो सडक्या कांद्यात. लॅबच्या डॉ. फरहत यांनी ही माहिती दिल्यावर अख्ख्या आयसीयूत त्याचं नाव ‘प्याजवाला’ पडलं.

पहिली दोन मुलं सावरली. त्यांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, काढून टाकली, औषधं दिली, ताप गेला. चिकूचीही लाइन काढली. औषध चालू केलं, ताप उतरला. मानेच्या दुसऱ्या बाजूला नवी लाइन घातली. आणि चौथ्या दिवशी ताप पुन्हा वर.

सक्सेनासरांनी मला बाजूला घेतलं. “सिस्टर, हा पॅचवर जाऊन बसला तर औषध तिथे पोचणार नाही. मला पुन्हा छाती उघडावी लागेल. इतक्या छोट्या मुलाची, इतक्या लवकर. मला ते करायचं नाहीये.” ते एरवी हिंदीतच बोलतात, पण बायको इंदूरची मराठी आहे, म्हणून गंभीर गोष्ट मराठीत सांगायची त्यांना सवय असावी.

“मला शोधायला थोडे दिवस द्या,” मी म्हटलं.

“मला नाही, त्याला विचारा,” सर चिकूकडे बोट दाखवून म्हणाले.

चिकू आपली पायाची बोटं तोंडात घालायच्या खटपटीत होता.

दोन दिवसांनी छाप्याचे निकाल आले. सक्सेनासर निर्दोष. नर्सेस निर्दोष. एका रेसिडेंटच्या बोटांवर बरंच काही उगवलं, पण त्यात प्याजवाला नव्हता. त्याला मी वेगळं बोलले.

“मैडम, ये हाथ का कीड़ा है ही नहीं,” डॉ. फरहत फोनवर म्हणाल्या. “ये पानी का है. जहाँ गीला, वहाँ ये. कम असर वाली दवा की बोतल में भी आराम से रह लेता है.”

झालं, मी पाण्याच्या मागे लागले. नळ, बेसिनची जाळी, व्हेंटिलेटरला ओलावा देणारी भांडी, वाफेची यंत्रं, इंजेक्शनमध्ये मिसळायचं पाणी, फरशी पुसायची बादली. इतके स्वॉब घेतले, की लॅबचा माणूस मला बघून दार लावून घ्यायला लागला. एका सिस्टरने तिची पाण्याची बाटलीही माझ्यासमोर ठेवली. “ये भी ले जाइए, शक क्यों रहे.” मी नेली. सगळं कोरं आलं.

मी एक तक्ताही केला होता. तिन्ही मुलांना कुठल्या नर्स होत्या, कुठली खाट, कुठली औषधं, नळी कुणी घातली, कुठे घातली. असा तक्ता केला, की जो तिघांत समान, तो चोर. हे पुस्तकात फार सोपं असतं. माझ्या तक्त्यात मानेतल्या नळीखेरीज काहीच समान निघालं नाही, आणि मानेत नळी तर निम्म्या आयसीयूला असते. बाकी समान होत्या त्या फक्त आयसीयूतल्या सगळ्याच मुलांना होणाऱ्या गोष्टी, आणि त्यांना मी रकानाच दिला नव्हता. जे सगळ्यांनाच होतं त्याच्यावर काय संशय घ्यायचा, असं मी धरून चालले. ही माझी पहिली चूक. दुसरी याहून मोठी होती, ती पुढे सांगते.

शेवटी मी आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आणि कंटाळवाणा उपाय केला. सकाळी आठला एक स्टूल घेतलं, चिकूच्या खाटेशी बसले आणि त्याला जे जे शिवेल ते ते वहीत लिहायला लागले. कोण आलं, हात धुतले का, काय घेऊन आलं, कुठे लावलं.

चिकूची आई रजनी समोर बसली होती. ती पांढुर्ण्याची, नवरा मंडीदीपला पॅकिंगच्या कारखान्यात. मी मराठी बोलते म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून मी तिची ताई झाले होते.

“ताई, तुम्ही काय लिवता वो एवढं?”

“चिकूला कोण कोण हात लावतं ते.”

“मंग मी किती बार लावला तेही लिवलं?”

“लिहिलं.”

ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, “माझ्यानं तर नाही ना झालं याले काही?”

“नाही ग,” मी म्हटलं. कल्चर आल्याशिवाय मी एरवी असं कुणालाच सांगत नाही. पण तिला सांगितलं.

दुपारपर्यंत वहीची तीन पानं भरली आणि हाती काही लागलं नाही. मग इकोचं मशीन ढकलत चौरसियाजी आले.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेल लावून त्यावरून एक दांडी फिरवतात, पडद्यावर हृदय दिसतं. चौरसियाजी आमचे सगळ्यात जुने इको टेक्निशियन. कपाळावर बारीक गंध, इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याइतके हात आमच्या इस्पितळात कुणी धुवत नाही. मी बघत असले तरी धुतात, नसले तरी धुतात. मीच दर महिन्याला ‘महिन्याचे स्वच्छ हात’ म्हणून एकाचा फोटो फलकावर लावते. चौरसियाजींचा इतक्यांदा लावला होता, की शेवटी तो फलकावरून उतरवायचाच बंद केला. त्यामुळे ते आल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि पाठ ताणून घेतली. हीच ती दुसरी चूक. मी माणूस तपासत होते आणि या माणसाचा निकाल माझ्याकडे आधीच छापलेला होता.

त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले, मशीनच्या दांडीला औषधाचं फडकं लावलं. सगळं पुस्तकातल्यासारखं. मग कोटाच्या आतून एक छोटी बाटली काढून चिकूच्या छातीवर जेल सोडलं. चिकू त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसला.

मला जरा नवल वाटलं. जानेवारीतलं भोपाळ होतं. जेल म्हणजे गारेगार प्रकरण, मोठी माणसंसुद्धा दचकतात.

“रोता नहीं ये?” मी विचारलं.

“मेरे पास कोई बच्चा नहीं रोता, मैडम,” चौरसियाजी म्हणाले. त्यात बढाई नव्हती, सांगितलं इतकंच.

मग त्यांनी दांडी वर नेली, गळ्याच्या खड्ड्यात. हृदयातून निघणारी मोठी धमनी बघायची तर तिथूनच दिसते. जेल तिथेही लागलं आणि थोडं ओघळून मानेवरच्या नळीच्या पट्टीपर्यंत गेलं. त्यांनी ते लगेच पुसलं. अगदी हळुवार.

मी मनगट पुढे केलं. “थोडा इधर डालिए.”

त्यांनी एक थेंब टाकला. कोमट होता. बाहेरच्या थंडीतून आलेल्या माणसाला चहाचा कप हातात दिल्यावर वाटतं, तसं मला क्षणभर बरं वाटलं. आणि मग डॉ. फरहत यांचं ‘जहाँ गीला, वहाँ ये’ आठवलं.

“हे गरम कसं?”

चौरसियाजींचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं. “आइए, दिखाता हूँ.”

इकोच्या खोलीत खिडकीशी एक यंत्र होतं, बाळाच्या दुधाची बाटली गरम करतात ते. त्यांनी ते स्वतःच्या पैशांनी न्यू मार्केटमधून आणलं होतं. त्यात पाणी, आणि पाण्यात तोंड खाली करून ठेवलेल्या जेलच्या दोन छोट्या बाटल्या.

“हे पाणी कधी बदलता?”

“कम होता है तो डाल देता हूँ.”

म्हणजे बदलत नव्हते. वरून भर घालत होते.

“आणि बाटली?”

ही बाटली त्यांची लाडकी. हिचं तोंड बारीक, हवा तेवढाच थेंब पडतो. म्हणून ती कधी टाकायची नाही, पाच लिटरच्या कॅनमधून पुन्हा पुन्हा भरून घ्यायची. शेवटी तळाला चिकटलेलं जेल निघत नाही. मग काय करायचं, तर दोन चमचे पाणी घालून बाटली छान हलवायची, की कणन् कण निघतो. मग वरून नवं भरायचं.

“एक बूँद बरबाद नहीं होती,” ते म्हणाले.

मी हसावं की रडावं, कळेना. कारण माझ्या घरी, माझ्या न्हाणीघरात, माझी शाम्पूची बाटली त्या क्षणी अशीच अर्धी पाणी होऊन उलटी उभी होती. सॉसची बाटली मीच हलवते, टूथपेस्ट मीच लाटण्याने दाबते. ज्या संस्काराचं मी घरी कौतुक करते, तोच इथे प्याजवाल्याला खोली, खाट आणि कोमट पाणी पुरवत होता.

आणि मग बाकीचं कोडंही सुटलं. मुलाला ताप आला, की डॉक्टरांना पॅचची काळजी. पॅचची काळजी, की इको. इको, की जेल. चिकूची जुनी नळी काढली, नवी घातली आणि पॅच ठीक आहे ना म्हणून रोज इको केला. जितका ताप, तितकं जेल. ज्या मुलांच्या नळ्या मांडीत होत्या ती वाचली. तिन्ही आजारी मुलांच्या नळ्या मानेत होत्या. हा रकाना माझ्या तक्त्यात होता, पण शेजारी इकोचा नसल्याने तो मुकाच राहिला.

“चौरसियाजी, या बाटल्या मी लॅबला नेते. ते पाणीही. आणि बंद कॅनमधलं थोडं जेल.”

“ज़रूर,” ते म्हणाले. त्यांनीच लेबलं लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. चौथ्या लेबलाला पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिले. लॅबच्या आधी बोलायचं नाही हा माझा नियम, आणि त्या दिवशी तो मला फार सोयीचा वाटला.

त्याच दुपारपासून बाटल्या बंद केल्या, जेलची एकदाच वापरायची सीलबंद पाकिटं मागवली. चिकूची नळी पुन्हा बदलली, या वेळी मांडीत. दोन दिवसांनी डॉ. फरहत यांचा फोन आला.

“मुबारक हो मैडम. आपका प्याजवाला बोतल में पूरा बाज़ार लगाए बैठा था. गरम पानी में भी वही. नया कैन बिलकुल साफ़.”

मला आनंद झाला, हे कबूल करते. चोर सापडला की होतोच. मग मला चौरसियाजींना सांगायला जावं लागलं आणि आनंद जिन्यातच संपला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. “मतलब मैंने किया,” म्हणाले. मी बाटली, पाणी, तापमान, काय काय समजावत राहिले. ते ऐकत होते असं वाटलं नाही. संध्याकाळी फलकाशी गेले तर त्यांच्या फोटोच्या जागी नुसत्या चार टाचण्या होत्या.

सोमवारी मीटिंग झाली. मेडिकल सुपरिंटेंडेंट भार्गवसर रिपोर्ट वाचून म्हणाले, “सब ठीक है, पर इसमें नाम कहाँ है?”

“कुणाचं, सर?”

“ज़िम्मेदार का. मेमो किसको दूँ?”

“मग तीन द्या,” मी म्हटलं. “तीन आठवडे मी त्या खोलीसमोरून फिरले, आत डोकावले नाही. पहिला मला. पाच लिटरचा कॅन दिला आणि छोट्या बाटल्या कुणी दिल्याच नाहीत, म्हणून दुसरा स्टोअर्सला. तिसरा चौरसियाजींना. पण एक लक्षात घ्या सर, ते यंत्र त्यांनी मला स्वतः नेऊन दाखवलं. उद्या त्यांना मेमो मिळाला, तर परवा या इस्पितळात मला कुणी काही दाखवणार नाही.”

भार्गवसर सक्सेनासरांकडे वळले.

“चौथा मला द्या,” सक्सेनासर म्हणाले. “मीच सगळ्यांना सांगत होतो, चौरसिया के हाथ में जादू है, बच्चा रोता नहीं. का रडत नाही, ते मी कधी विचारलं नाही.”

चार मेमो टाइप करण्यापेक्षा एक नियम टाइप करणं सोपं, असा निर्णय झाला.

रजनीला सक्सेनासरांनी स्वतः सांगितलं, माझ्याच स्टुलावर बसून. काही लपवलं नाही. तिने फक्त विचारलं, “अब ठीक होगा?” ते म्हणाले, “लगता है. पक्का परसों बताऊँगा.” ती कुणावर रागावली नाही, पण दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. ते मला लागलं. तिचा हक्क होता, तरी लागलं. माझ्यानं तर नाही ना झालं, असं तिने मला विचारलं होतं, आणि आमच्यातलं कुणी तसं विचारायच्या आधी तिने विचारलं होतं.

ताप उतरला. पुढची दोन कल्चर कोरी आली. आता शेवटचा इको राहिला होता, पॅचवर काही बसलेलं तर नाही ना, ते बघायचा. चौरसियाजींनी ज्युनियरला पाठवलं. सक्सेनासरांनी ज्युनियरला परत पाठवलं.

चौरसियाजी आले. हात धुतले, नेहमीपेक्षाही जास्त वेळ. हातमोजे घातले. सीलबंद पाकीट उघडलं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. खाटेजवळ जाईनात. चिकू त्यांना बघून हसत होता, आणि त्यामुळे आणखीच पंचाईत झाली होती.

रजनी उठली, चिकूचं झबलं वर केलं आणि म्हणाली, “भैया, ठंडा ही लगा दो. रो लेगा.”

त्यांनी लावलं. चिकूने एक श्वास आत घेतला आणि असं भोकाड पसरलं, की पलीकडच्या खाटेवरचं मूलही साथीला लागलं. एरवी आयसीयूत कुणी असं रडलं, की चार जणी खुळखुळे घेऊन धावतात. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. पडद्यावर पॅच दिसला, स्वच्छ, कोऱ्या कापडासारखा. चौरसियाजी चष्मा पुसत राहिले आणि दांडी रजनीला धरायला द्यावी लागली, जे नियमात बसत नाही. मी वहीत लिहिलं नाही.

चार दिवसांनी चिकू मंडीदीपला घरी गेला.

तेव्हापासून मी एक प्रश्न बदलला. पूर्वी नव्या विभागात गेले, की विचारायची, “इथे काय चुकतं?” उत्तर ठरलेलं असायचं, “कुछ नहीं, मैडम.” आता विचारते, “इथे तुम्ही कुणी न सांगता, मनापासून काय करता, ते दाखवा.” लोक हाताला धरून नेतात. निम्म्या वेळा तिथे पाणी साचलेलं असतं.